बाईंचं एकदा चुकलं

आमच्या बाईंच्या पदराच्या टोकाला लोहचुंबक बांधलेलं असायचं. इतर बायका पदराला किल्ल्या बांधतात, सुट्टे पैसे बांधतात, बाईंचं हे असं. वर्गात टाचणी सांडली की त्या पदर फरशीवरून फिरवायच्या आणि टाचण्या गोळा करून पुढच्या कामाला लागायच्या. एकदा एसटीत तो पदर दारालगतच्या खिडकीच्या गजाला चिकटला आणि चाकूरच्या स्टँडवर उतरताना बाई दारात अडकून पडल्या. मागची म्हातारी कंडक्टरवर खेकसली, "बाईमाणसाचा पदर कोन वढायलंय रं?" बाई शांतपणे मागे गेल्या, गजापासून पदर सोडवला आणि म्हातारीला तिथंच चुंबक समजावून सांगायला लागल्या. गाडी तेवढा वेळ उभी होती.

मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा नांदेडहून नुकतीच डी.एड. होऊन आले होते आणि स्वतःला बरीच हुशार समजत होते. गाव चाकूर तालुक्यातलं, काळ्या रानाचं. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच. पहिली-दुसरी मला, तिसरी-चौथी बाईंना. पहिल्या दिवशी मी येताना तक्ते घेऊन आले होते. फळांची ओळख, भाज्यांची ओळख, मापांची ओळख, सगळं रंगीत आणि प्लास्टिकचा कागद चढवलेलं. बाईंनी ते तक्ते कौतुकानं पाहिले, पेरूच्या चित्रापाशी नाक नेलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "यव्वा, वास येत न्हाई की गं याला."

मला राग आला. इतका आला की मधल्या सुट्टीत मी त्यांच्याशी बोलणारच नव्हते. त्यांनी माझ्यासमोर भुईमुगाच्या शेंगांची पाटी ठेवली आणि म्हणाल्या, "जरा सोल." मी सोलायला लागले. शेंगा संपेपर्यंत मी त्यांना घरचं सगळं सांगून बसले होते: वडिलांचं आजारपण, भावाचं न होणारं लग्न, मला खरं तर बँकेत जायचं होतं ते. त्या फक्त "हं" म्हणत होत्या. पुढं कळलं की ही त्यांची रीतच होती. कुणाच्या पोटात काही अडकलंय असं वाटलं की त्या त्याच्या हातात काहीतरी द्यायच्या. शेंगा, सुतळीची गुंतवळ, वजनाचं माप, काहीही. त्या म्हणायच्या, "हात मोकळं असलं की मानूस तोंड धरून बसतंय. हात गुतवा, तोंड आपोआप सुटतंय."

बाई उदगीरच्या. लिंगायत वाण्याचं घर, किराण्याचं दुकान, लहानपण सगळं गल्ल्याशेजारच्या पोत्यांवर गेलेलं. बोलण्यात मधूनच कानडी यायची, विशेषतः चिडल्यावर. वडिलांची जुनी पितळी तागडी त्यांनी शाळेत आणून खिळ्याला टांगली होती आणि वर्गातला सगळा कारभार त्या तागडीभोवती चालायचा. एका पारड्यात दगड, दुसऱ्यात कापूस. कोण जड? पोरं ओरडायची, "दगड!" बाई कापूस कोंबत राहायच्या, कोंबत राहायच्या, शेवटी पारडं खाली जायचं आणि पोरं गप्प व्हायची. मग प्रत्येकानं येऊन स्वतः करायचं. "कळलं का?" असं बाईंनी कधी विचारलं नाही. त्या विचारायच्या, "हाताला कळलं का?"

आता हे ऐकायला गोड वाटतं. शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या माणसाला विचारा. त्यांचा वर्ग म्हणजे भंगाराचं दुकान होतं. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, सायकलची चाकं, गारगोट्या, तुटकी घड्याळं, आणि कोपऱ्यात सदैव काहीतरी भिजत घातलेलं. मुंग्या तिथून माझ्या वर्गात यायच्या. माझा जेवणाचा डबा एकदा न विचारता नेला आणि परत आला तेव्हा त्यात मटकीला मोड आले होते. पुस्तक कधी वेळेवर संपायचं नाही. मी कुरकुर केली की त्या डोळे मोठे करून म्हणायच्या, "पुस्तक कुटं पळून चाललंय का?"

शून्य शिकवण्याची त्यांची तऱ्हा मी दारातून पाहिली आहे. रिकामा डबा झाकण लावून वर्गात फिरवायचा. प्रत्येकानं हलवायचा, झाकण उघडायचं, आत हात घालायचा आणि काही लागलं नाही की पुढच्याला द्यायचा. सगळे गंभीरपणे हात घालत होते. एक बारकी पोरगी थांबली. म्हणाली, "बाई, डाळीचा वास हाय."

"मग शून्य न्हाई अजून," बाई म्हणाल्या. डबा हापशावर नेऊन घासला, उन्हात वाळवला आणि पुन्हा पहिल्या पोरापासून सुरुवात केली. तो तास संपला तेव्हा दुपार झाली होती.

माझं स्थळ बघायला आलं तेसुद्धा शाळेत. मुलगा लातूरचा, सोबत त्याचे मामा. बाईंनी त्यांना चहा दिला आणि मुलाच्या पुढ्यात मटारच्या शेंगा ठेवल्या. "बसल्या बसल्या तेवढं सोला." बिचारा सोलायला लागला. मी लाजेनं मेले होते. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "कर. थोडं खाल्लं, थोडं वाटीत टाकलं. नुसतं खानारा नगं आन् नुसतं वाटीत टाकनारा तर बिलकूल नगं." माझा नवरा अजूनही मटार सोलताना माझ्याकडे बघून हसतो.

तर ते घटाचं.

नवरात्रात घरोघरी घट बसतात. परडीत आपल्या रानातली माती, त्यात धान्य, मध्ये कलश. माळेगणिक धान उगवून वर येतं आणि दसऱ्याला ते टोपीत, कानावर खोवून लोक सोनं लुटायला जातात. घट दाट आला की साल चांगलं, विरळ आला की बायका एकमेकींकडे बघतात. बाईंनी ठरवलं की हे वर्गात करायचं. प्रत्येक पोरानं परडी आणायची, आपल्या रानातली माती आणायची आणि घरी रब्बीला पेरायला ठेवलेल्या हरभऱ्याचं बी आणायचं. घट बसतात त्याच दिवशी टाकायचं, रोज पाणी घालायचं, बघायचं. कुणाचं किती उगवलं, कोणती माती पाणी धरते, कोणती सोडते, सगळं हातानं.

गावात थोडी कुजबुज झाली. घट हे देवीचं काम, शाळेत त्याचा खेळ कशाला? पण शाळा समितीच्या अध्यक्षांनीच ती मिटवली. अध्यक्ष म्हणजे गावातले मातब्बर शेतकरी. आवाज मोठा, मन वाईट नाही. त्यांच्या घरचं हरभऱ्याचं वाण गावात नावाजलेलं, पेरणीच्या आधी चार घरचे लोक त्यांच्याकडूनच बी नेत. ते म्हणाले, "करू द्या की बाईला. आपलं वाण कसं हाय ते कळंल तरी गावाला." त्यांची मुलगी शीतल चौथीत होती. घर शाळेला लागून, म्हणून शाळेची किल्ली त्यांच्याकडेच असायची आणि सकाळी कुलूप काढायचं काम शीतलचं.

परड्या मांडल्या, प्रत्येकीवर नाव लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाईंना तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय, मुलांना कृतीतून शिकवणे. बाई सबंध आठवडा खुर्चीवर बसून ते ऐकत होत्या. जाताना पोरांना सांगून गेल्या, "परड्या तुमच्या. तुमीच बघायचं." दोन्ही वर्ग माझ्यावर आले, मी सकाळी पाणी घाला म्हणायची आणि माझ्या कामाला लागायची.

खंडेनवमीला बाई परत आल्या. त्या दिवशी शेतकरी अवजारं पुजतात, बाईंच्या वर्गात तागडी, मापं, कात्री, हातोडी आणि फुटपट्ट्या पुजल्या गेल्या. आई-बाप बघायला आले होते. खिडकीखाली परड्या ओळीनं मांडलेल्या. बहुतेकांचं बरं उगवलं होतं, मध्ये मध्ये टक्कल. शीतलची परडी मात्र भरगच्च. इतरांपेक्षा बुटकी रोपं, पण एकही जागा रिकामी नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईही टाळ्या वाजवून बसल्या. अध्यक्षांनी परडी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली.

"बगा, ह्याला म्हनतेत वाण! दसरा झाला की दुसऱ्या दिशी पेरनार. ओल हाय तवर उरकलं पायजे."

दोघातिघांनी तिथल्या तिथं बियाणं मागितलं. अध्यक्ष खुशीत होते. म्हणाले, "या की घराकडं, कुनाला न्हाई म्हनलं का मी?" परडी काखेत मारून ते गेले.

सगळे पांगले. शीतल दाराआड उभी होती. प्रसादाचं खोबरं तिनं हातातच धरलं होतं. बाई रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "सगळ्यात उशिरा आलं आन् सगळंच्या सगळं आलं. असं कसं?"

मला काही कळलं नाही. बाईंनी शीतलला बोलावलं. रागावल्या नाहीत, काही विचारलं नाही. खिळ्यावरची तागडी काढली आणि तिच्या हातात दिली. "धर गं जरा. मी मापं पुसते." पोरगी तागडी धरून उभी राहिली. दोन्ही पारडी थरथरायला लागली. बाई मापं पुसत राहिल्या.

"बाई, आमचं उगवलंच न्हाई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग हळूहळू सगळं आलं. सगळ्यांची परडी हिरवी झाली तरी तिची काळीच. दोन-तीन कोंब, बस्स. गेल्या वर्षी घरचा घट विरळ आला होता. तो तिच्या आईनं बसवला होता. तेव्हापासून आजी वर्षभर आईला बोलत होती: हिच्या हाताला यश न्हाई, हिच्यामुळं घरावर असं. म्हैस आटली तरी आई, पाऊस लांबला तरी आई. यंदा शाळेत न्यायचं बीसुद्धा धान्याच्या कणगीतून आईनंच काढून दिलं होतं. शीतलनं दुकानातून उसळीचे हरभरे आणले, ओल्या फडक्यात बांधून मोड आणले आणि सकाळी लवकर कुलूप काढून, जुनं बी उकरून, बोटानं भोकं पाडून एक एक लावले.

"बाई, पप्पाला सांगू नका. मम्मीला लई बोलतेत."

तिला गप्प करून घरी पाठवलं. मी तिथल्या तिथं म्हणाले, सरळ अध्यक्षांना सांगून टाकू. बी खराब आहे, परवा पेरणी आहे, चार घरं तेच बी नेणार आहेत. पूर्ण रानात काही उगवायचं नाही. पोरगी आहे, चार दिवस बोलणी खाईल आणि विसरेल. मला ते अगदी सोपं वाटत होतं.

"पोरीवर कुटं येतंय?" बाई म्हणाल्या. "तिच्या मायीवर येतंय. बी तिनं दिलं, घट तिच्या हातचा, आन् आता पोरगी बी चोरटी निगाली तिच्याच वळणावर. जल्मभर पुरंल."

"मग काय खोटं सांगणार?"

त्या दचकल्याच. तागडी खिळ्याला लावताना म्हणाल्या, "खोटं न्हाई सांगायचं. काय हाय ते हुडकते."

सणासुदीला बाई गावात कधी येत नसत. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या आल्या. मी चाकूरला त्यांच्या शेजारीच खोली घेतली होती, म्हणून मलाही ओढत आणलं. मारुतीच्या पारावर लोक शिव ओलांडून आले होते, आपट्याची पानं देणंघेणं चालू होतं. टोप्यांत घटाचं धान खोवलेलं. अध्यक्षांच्या टोपीत तर शाळेतल्या परडीतला हरभरा. बाईंनी सोनं दिलं, घेतलं आणि पारासमोर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या,

"माजं जरा ऐका. शाळंत जी बियाची तपासनी झाली ना, ती चुकली हाय. एकाची न्हाई, सगळ्यांची. मी पोरांच्या भरवशावर टाकून गेले. कुनी कोनतं बी टाकलं, कसं टाकलं, मी डोळ्यानं बगितलं न्हाई. माजं काम मी नीट केलं न्हाई. तवा त्या परड्यांवर जाऊन कुनीबी पेरू नका. घरी पुन्हा बगा."

पारावर कुजबुज झाली. मग कुणीतरी हसलं. अध्यक्ष पुढं आले. "बाई, काय बोलायलाव तुमी? उद्या पेरायचं हाय. ओल चालली. तुमच्या खेळापायी रान वाळवू का मी?"

"चुकलं माजं."

"चुकलं म्हनल्यानं भागतंय का? पोरांच्या हातात माती दिली, पुस्तक सोडून! मी म्हनलं करू द्या, तर आता माज्याच वाणाला नाव ठिवायलाव?"

बाईंच्या चेहऱ्यावर ते शब्द लागताना मला दिसत होते. शाळेत लागलं असतं तर त्यांनी कानडीत दोन सुनावले असते. इथं त्या फक्त म्हणाल्या, "नाव न्हाई ठिवत. मूठभर बी आना तुमच्या हातानं. कनगीच्या खालचं. आन् एक पातेलं पानी."

अध्यक्ष तावातावानं गेले आणि मूठ भरून घेऊन आले. पुजाऱ्यानं पातेलं दिलं. बायकांच्या घोळक्यात शीतल आईला चिकटून उभी होती, तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. अध्यक्षांनी बी पाण्यात टाकलं. बाई बोलल्या, "हातानं ढवळा." त्यांनी ढवळलं. बियाला चोळलेली राख सुटली, पाणी करडं झालं, आणि हात बाहेर काढल्यावर हरभरे वर यायला लागले. एक, मग दुसरा, मग निम्मे. अध्यक्षांनी एक उचलून दोन बोटांत दाबला. आतून पोकळ. राखेखाली भुंग्याची बारीक भोकं होती.

त्यांनी अजून एक दाबला, अजून एक. बियाणं मागणारे हळूच आपल्या घरची कणगी बघायला निघाले. अध्यक्षांनी नायगावच्या मेव्हण्याला तिथूनच फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी तिथून बी आणून पेरणी केली. कणगीला भुंगा लागला, एवढंच घरात ठरलं. भुंग्यावर कुणाच्या हाताचं यश-अपयश चिकटवता येत नाही.

पण बाईंना ते फुकट गेलं नाही. दिवाळीनंतरच्या समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी सांगितलं की आता पुरे, पोरांना पुस्तकातून शिकवा. बियाचं खरं काय ते पाण्यात निघालं म्हणून बरं, न्हाईतर बाईच्या परड्यांनी गाव बुडवलं असतं. आणि ते त्यांच्या बाजूनं खरंच होतं. मी तोंड उघडणार होते. बाईंनी टेबलाखाली माझ्या हातात दोऱ्याचं रीळ कोंबलं. मला तर हात गुंतला की बोलायची सवय त्यांनीच लावलेली, पण त्या दिवशी मी ते रीळ घट्ट धरून गप्प बसले.

तागडी कपाटावर गेली. चिंचोके पोत्यात गेले. वर्ग स्वच्छ झाला, मुंग्या यायच्या बंद झाल्या, आणि पलीकडून पाढे ऐकू यायला लागले. मला इतकी वर्षं हेच हवं होतं. मला ते ऐकवेना. बाई खुर्चीवर बसून पुस्तक वाचून दाखवायच्या आणि पदराचं चुंबक नुसतं बोटांत फिरवत राहायच्या. असं जवळजवळ वर्ष गेलं. मग एक दिवस कपाटावरची तागडी पुन्हा खिळ्यावर दिसली. कुणी लावली ते बाईंनी विचारलं नाही. शीतल तोवर हायस्कूलला गेली होती, पण किल्ली अजून त्यांच्याच घरी होती. अध्यक्ष झेंडावंदनाला आले तेव्हा त्यांनी तागडी पाहिली, घसा खाकरला आणि झेंड्याकडे वळले.

गावात मात्र म्हण पडली. कुणी चूक कबूल केली की लोक म्हणत, "बाईचं बी एकदा चुकलंच हुतं की." बाई समोर असल्या तरी म्हणत. त्या हसत.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मांडव, शाली, नारळ, सगळं यथासांग. अध्यक्ष आता समितीवर नाहीत, केस पांढरे झालेत, पण माईक त्यांच्याच हातात होता. म्हणाले, "आमच्या बाईनं हजार गोष्टी शिकवल्या. पर मला आठवती ती एकच. भर दसऱ्यात, सगळ्या गावासमोर, माजं चुकलं म्हनाली. एवढं मोटं काळीज मी न्हाई बगितलं. मी बोललो बी लई तवा. आज माफी मागतो." टाळ्या झाल्या. बाई मान खाली घालून चुंबकाशी खेळत होत्या.

मग शीतल उठली. लातूरला कॉलेजात आहे, आईला धरूनच आली होती. तिच्या हातात फडक्यानं झाकलेली परडी. तिनं ती बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि फडकं काढलं. हरभऱ्याची रोपं होती, कोवळी, आणि मध्ये मध्ये चांगली बोटभर जागा रिकामी.

"अगं," अध्यक्ष माईकवरूनच बोलले, "बाईला द्यायचं तर भरगच्च तरी आनायचं. हे असलं टकलं?"

मांडव हसला. बाईंनी चष्मा वर केला, परडी जवळ ओढली आणि रिकाम्या जागेत बोट घालून उकरलं. न उगवलेला एक हरभरा वर आला. तो त्यांनी तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला.

"बाई, मी काडून टाकला न्हाई," शीतल हळूच म्हणाली.

बाईंनी मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं तिला जवळ घेतलं. मग अध्यक्षांकडे बघून म्हणाल्या, "असू द्या हो. मला अशीच पायजे हुती."